वायुवाहिनीवरील कंप्रेसर केंद्रे : गोंगाट आणि उत्सर्जन

हवेच्या प्रदूषणास आळा घालण्यासाठी भारतीय संसदेने १९८१ साली जो अधिनियम संमत केला, त्यात १९८७ साली एक लहानशी दुरुस्ती झाली. ‘हवेचे प्रदूषक’ कशास म्हणावे हे सांगणाऱ्या व्याख्येत घन, द्रव आणि वायुरूप पदार्थांच्या जोडीला ‘ध्वनीसह’ अशी पुस्ती जोडण्यात आली. ध्वनी हा पदार्थ कसा, तो तर हवेतील दाबाचे स्पंदन आहे, असा आक्षेप पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास घेता येईल. परंतु कायदा करणाऱ्यांची दृष्टी व्यवहाराची होती. कारखान्याच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या माणसाच्या लेखी धूर आणि गोंगाट हे एकाच दारातून येणारे दोन पाहुणे आहेत, आणि दोघांपैकी एकासही त्याने बोलाविलेले नसते.

याच सुमारास भारतात एक मोठे काम चालू होते. १९८४ साली स्थापन झालेल्या भारतीय गॅस प्राधिकरणाने गुजरातेतील हजिऱ्यापासून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत नैसर्गिक वायू वाहून नेणारी वाहिनी टाकली. शाखांसह तिची लांबी १,७०० किलोमीटरांहून अधिक होती. तिच्यातून प्रारंभी वाहिला तो मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली असलेल्या वसई क्षेत्रातील वायू. तो समुद्राखालच्या नळांतून हजिऱ्यास येई, तेथे त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढून टाकले जाई आणि मग तो उत्तरेकडे मार्गस्थ होई. वाटेवरील खतकारखान्यांत त्यापासून युरिया तयार होऊ लागला. गंगा-यमुनेच्या खोऱ्यातील शेतात पडणाऱ्या खताच्या मुठीत अरबी समुद्रातील वायूचा अंश आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा वायू आपोआप वाहत नाही. नळाच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे त्याचा दाब मैलागणिक उतरत जातो, म्हणून ठरावीक अंतरावर, बहुधा शंभर-दीडशे किलोमीटरांच्या टप्प्याने, त्याला पुन्हा दाबून पुढे ढकलावे लागते. हे काम करणारे यंत्र म्हणजे संपीडक, ज्याला व्यवहारात सर्वजण कंप्रेसर म्हणतात. हजिरा, झाबुआ, विजयपूर, औरैया या ठिकाणी अशी केंद्रे उभी राहिली. कंप्रेसर फिरविण्यासाठी लागणारी शक्ती बहुतेक ठिकाणी त्याच वाहिनीतील थोडा वायू टर्बाइनमध्ये जाळून मिळविली जाते. वाटसरूने आपल्या शिदोरीतील घास खात पुढे जावे, तसा हा प्रकार आहे.

टर्बाइन म्हणजे मुळात जेट विमानाच्या इंजिनाचे भावंड. १९६० च्या दशकापासून विमानांसाठी तयार झालेली इंजिनेच थोडा फेरफार करून वायुवाहिन्यांवर बसविण्यात येऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर विमानतळाचा गोंगाट माळरानावर आला. विमान निदान उडून जाते. कंप्रेसर केंद्र रात्रंदिवस आणि वर्षानुवर्षे एकाच जागी चालू राहते.

केंद्रातून निघणारा आवाज एक वाटला तरी तो अनेक आवाजांचे मिश्रण असतो, आणि नियंत्रणाचा विचार करताना हे मिश्रण आधी निवडून घ्यावे लागते. टर्बाइन ज्या तोंडाने हवा आत ओढते तेथे तीक्ष्ण शीळ ऐकू येते. मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या चाकावर २० पाती असतील, तर सेकंदाला ३,००० वेळा हवेला फटका बसतो. शिळेचा स्वर तोच. याउलट धुराड्यातून निघणाऱ्या तप्त वायूचा आवाज खोल आणि घुमणारा असतो. कंप्रेसरपासून निघालेल्या जाड पोलादी नळांची भिंत आतील स्पंदनांनी थरथरते आणि तो थरथराट नळाच्या लांबीभर पसरतो. म्हणून आवाज यंत्रघरात निर्माण झाला तरी ऐकू येतो तो बाहेरच्या नळांतून. दाबल्याने तापलेला वायू थंड करण्यासाठी पंख्यांच्या रांगा लागतात, त्यांची घरघर वेगळी. वायू परत फिरविणाऱ्या झडपेतून, दोन्ही बाजूंच्या दाबांत दुपटीहून अधिक फरक पडला की, वायू ध्वनीच्या वेगाने बाहेर पडू लागतो आणि झडप अक्षरशः किंचाळते. सर्वांत भयंकर आवाज मात्र क्वचित होतो. दुरुस्तीसाठी किंवा संकटसमयी नळांतील सारा वायू उंच नळीवाटे आकाशात सोडून दिला जातो, तेव्हाची ती गर्जना असते. तिच्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आवाज डेसिबेल या मापाने मोजतात, आणि हे माप सामान्य माणसाला चकविणारे आहे. एकासारखी एक अशी दोन यंत्रे शेजारी लावली तर ८० आणि ८० मिळून १६० डेसिबेल होत नाहीत, ८३ होतात. म्हणून चार यंत्रांपैकी एक बंद ठेवून गावकऱ्यांचे समाधान करू पाहणारा व्यवस्थापक जेमतेम सव्वा डेसिबेल वाचवितो, जे कानाला कळतही नाही. अंतराचा हिशेबही असाच. उघड्या माळावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबेलनी उतरतो. केंद्रापासून १०० मीटरांवर ६६ डेसिबेल असतील, तर ४०० मीटरांवर ५४ आणि ८०० मीटरांवर ४८ राहतील. पहिल्या शंभर-दोनशे मीटरांत जे साधते ते पुढे किलोमीटरभर चालूनही साधत नाही. त्यातून, थंडीच्या निरभ्र व निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, ध्वनीच्या लहरी खाली वाकतात आणि दिवसा न ऐकू येणारे यंत्र रात्री उशाशी आल्यासारखे वाटते. अशा वेळी गावकऱ्याच्या तक्रारीत अतिशयोक्ती आहे असे समजणे अन्यायाचे होईल.

भारतात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी चार प्रकारची क्षेत्रे मानली आहेत. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबेल, निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५, अशा मर्यादा आहेत; रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. कंप्रेसर केंद्र शहराच्या औद्योगिक वसाहतीत असते तर हे वर्गीकरण पुरेसे झाले असते. पण ते असते शेतांच्या मधोमध. कुंपणाच्या आत ७० चालतील आणि शेजारच्या वस्तीत ४५ च हवेत, तर मधले २५ डेसिबेल कोठे जिरवायचे हा प्रश्न आराखड्याच्या कागदावरच सोडवावा लागतो. शिवाय ४५ ही मर्यादा पाळली तरी, जेथे रात्रीची शांतता ३०-३५ डेसिबेलांची होती, तेथे यंत्र स्पष्ट ऐकू येणारच. ब्रिटनमध्ये १९६७ सालापासून औद्योगिक आवाजाची तुलना ठरावीक आकड्याशी न करता त्या जागेच्या मूळच्या शांततेशी करण्याची पद्धत आहे. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात खेड्यातील घरापाशी रात्रीची मूळ मर्यादा ४० डेसिबेल धरतात. अमेरिकेत वायुवाहिन्यांसाठी दिवसरात्रीची सरासरी ५५ ठरविली आहे, पण त्या सरासरीत रात्रीच्या आवाजावर १० डेसिबेलचा अधिभार लावलेला असतो; अखंड चालणाऱ्या यंत्राला त्यामुळे प्रत्यक्षात ४८.६ डेसिबेलांच्या आतच राहावे लागते. हे आकडे एकमेकांपासून फार दूर नाहीत. फरक आहे तो मोजणाऱ्याने कोठे उभे राहावे याचा. आल्बर्टात आणि अमेरिकेत तो सर्वांत जवळच्या घरापाशी उभा राहतो, आणि हीच रीत अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

मोजणीत आणखी एक मेख आहे. माणसाचा कान खोल आवाजांना मंद असतो, म्हणून प्रचलित मापनयंत्रे खोल आवाजांचे वजन कमी करून आकडा दाखवितात. सेकंदाला ३१.५ कंपने असलेल्या आवाजातून सुमारे ३९ डेसिबेल वजा होतात. म्हणजे धुराड्याचा तो घुमारा घरापाशी प्रत्यक्षात ८० डेसिबेल असला तरी कागदावर ४१ उमटतो आणि नियम पाळला गेला असे ठरते. घरात मात्र खिडकीच्या काचा आणि फळीवरील भांडी वाजत असतात. यावर उपाय म्हणून आल्बर्टात वजन न घटविलेले मापही घेतात आणि दोन मापांत २० डेसिबेल किंवा त्याहून अधिक अंतर आढळले, तर खोल आवाजाची वेगळी चौकशी करतात. युक्ती साधी आहे आणि खर्चही फारसा नाही.

खोल आवाज अडविणे मोजण्याइतकेच अवघड असते. हवेच्या तोंडाशी निघणाऱ्या ३,००० कंपनांच्या शिळेची लहर सुमारे ११ सेंटिमीटर लांब असते. छिद्रे पाडलेल्या पत्र्यामागे तेवढ्याच जाडीची खनिज लोकर भरून केलेल्या सायलेन्सरमध्ये ती सहज जिरते. धुराड्याच्या घुमाऱ्याची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिला तेवढ्याशा लोकरीची पर्वा नसते. तिच्यासाठी घरभर आकाराची पोकळी आणि उंच धुराडे बांधावे लागते. भिंतींच्या बाबतीतही हेच. चांगली भिंत शीळ व घरघर १०-१५ डेसिबेलनी कमी करू शकते, पण लांब लहरी तिच्या माथ्यावरून वळून पलीकडे उतरतात. केंद्राभोवती झाडांचा हरित पट्टा लावण्याची प्रथा आहे. झाडे अवश्य लावावीत, धूळ आणि सावली यांसाठी ती उपयोगी आहेत. परंतु तीस मीटर दाट झाडीही मोजक्या काही डेसिबेलांपलीकडे आवाज अडवीत नाही. यंत्र झाडाआड दिसेनासे झाले की आवाज कमी झाल्यासारखा भासतो, एवढे खरे.

म्हणून आवाज जन्मतो तेथेच त्याला हात घालणे श्रेयस्कर. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबेलनी उतरतो; तेवढीच हवा खेळविण्यासाठी मग पंखा मोठा घ्यावा लागतो, आणि तो आरंभी महाग पडतो. नळ अधिक रुंद घेतले तर वायूचा वेग व थरथर दोन्ही कमी होतात. नळ जमिनीखालून नेले तर उत्तमच. झडपेत एका पायरीऐवजी अनेक पायऱ्यांनी दाब उतरविला तर ती किंचाळत नाही. यांपैकी प्रत्येक गोष्ट आराखडा करतानाच ठरवावी लागते. नंतर बाहेरून गुंडाळलेली लोकर नळाला शांत करते, पण तिच्याखाली ओल साचून पोलाद गंजू लागले तर ते कोणालाही दिसत नाही.

यंत्राभोवती बंदिस्त खोली बांधण्याचा मार्ग सर्वांत प्रचलित आहे, आणि येथेच आवाज व उत्सर्जन हे दोन प्रश्न प्रथम एकमेकांत गुंततात. बंद खोलीत गळालेला वायू साठतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून खोलीत वारा खेळविणे भाग असते. वाऱ्यासाठी ठेवलेल्या तोंडांतून आवाज बाहेर पडतो, त्या तोंडांनाही सायलेन्सर लागतात. आतल्या कामगाराचे काय, हा प्रश्न उरतोच. भारतातील कारखानेविषयक नियमांतून चालत आलेल्या कोष्टकानुसार ९० डेसिबेलांत आठ तास, ९५ मध्ये चार तास, १०० मध्ये दोन तास काम करण्यास मुभा आहे. ऊर्जेच्या हिशेबाने आवाज ३ डेसिबेलनी वाढला की मात्रा दुप्पट होते. त्या मानाने हे कोष्टक उदारच आहे, आणि ही उदारता कामगाराच्या कानांच्या जिवावर केलेली आहे.

धुराड्यातून आवाजाबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. ज्योतीचे तापमान १,५०० अंश सेल्सियसच्या वर गेले की हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन वेगाने संयोग पावू लागतात. या क्रियेचा उलगडा सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात केला. उपाय म्हणजे ज्योत थंड ठेवणे. पूर्वी त्यासाठी ज्वलनकक्षात पाणी किंवा वाफ सोडीत. पुढे वायू आणि पुष्कळशी हवा आधी एकजीव करून जाळण्याची पद्धत आली, आणि ऑक्साइडांचे प्रमाण दहा लाखांत २५ भागांपर्यंत किंवा त्याहूनही खाली आणता आले. ज्योत फार थंड केली तर कार्बन मोनॉक्साइड वाढते, म्हणून मधली अरुंद वाट सांभाळावी लागते. ही वाट यंत्र पुरेशा भाराने चालते तोवरच टिकते. निम्म्या भाराखाली गेले की ज्योत विझू नये म्हणून जुन्या रीतीने थोडा वायू जाळावा लागतो आणि लाभ निसटतो. दोन यंत्रे अर्ध्या भाराने चालविण्यापेक्षा एक पूर्ण भाराने चालविणे, हा निर्णय यंत्र विकत घेताना घेता येत नाही. तो पाळीवरील अभियंत्याच्या हाती असतो. टर्बाइनऐवजी विजेची मोटार बसविली तर केंद्रापाशी धूरही नाही आणि घुमाराही नाही. मात्र भारतातील विजेचा मोठा भाग कोळशापासून येत असल्याने धूर दुसऱ्या गावी जातो, हेही हिशेबात धरावयास हवे.

आता मिथेन. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक तोच, आणि पृथ्वीचे तापमान वाढविण्याची त्याची शक्ती शंभर वर्षांच्या मुदतीत तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या मुदतीत सुमारे ८० पट मानली जाते. १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीला प्रदूषकांच्या व्याख्येत स्थान दिले. २००९ साली जाहीर झालेल्या हवेच्या गुणवत्तेच्या मानकांत बारा प्रदूषकांची नावे आहेत, त्यांत नायट्रोजन डायऑक्साइड आहे, मिथेन नाही. त्याचा आवाज होत नाही. घरगुती वायूला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या वाहिन्यांत तो सहसा मिसळलेला नसतो. त्यामुळे गोंगाटाविरुद्ध साऱ्या गावाची सही असलेला अर्ज येतो, मिथेनविरुद्ध कोणाचाही येत नाही.

केंद्रातील वायुशोधक यंत्रे त्याला पकडत नाहीत काय? ती बसविलेली असतात आगीच्या भयाने. पेट घेण्याच्या सीमेचा पाचवा भाग, म्हणजे हवेत एक टक्का वायू झाला की घंटा वाजावी, अशी त्यांची योजना असते. उघड्यावरच्या झडपेतून झिरपणारा वायू वाऱ्याने पातळ होतो आणि एक टक्क्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. आगीच्या दृष्टीने तो निर्धोक असतो, म्हणून दप्तरी त्याची नोंद नसते. असा झिरपा शोधण्यासाठी हातात धरून नळोनळी फिरविण्याचे सूक्ष्म शोधक आहेत, आणि अदृश्य वायू पडद्यावर धुरासारखा दाखविणारे अवरक्त किरणांचे कॅमेरेही आहेत.

गळती होते तरी कोठून? जेथे फिरणारा दांडा कंप्रेसरच्या कवचातून बाहेर येतो, तेथे वायू अडविण्यासाठी बंदोबस्त लागतो. जुन्या यंत्रांत दाबाखालील तेलाने ही फट भरीत. तेलात वायू विरघळे. तेल पुन्हा वापरण्यापूर्वी त्यातील वायू काढून हवेत सोडीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मोजणीप्रमाणे अशा एका कंप्रेसरमधून मिनिटाला सुमारे १.१ ते ५.७ घनमीटर वायू जाई. पुढे तेलाऐवजी वायूच्याच पातळ थरावर तरंगणारी कोरडी सीले आली आणि हे प्रमाण मिनिटाला ०.१७ घनमीटरांच्या आत आले. मधला आकडा, मिनिटाला २.८ घनमीटर, धरून वर्षाचे ८,००० तास हिशेब केला तर एका जुन्या कंप्रेसरमागे सुमारे १३ लाख घनमीटर वायू आकाशात जातो. त्यातील उष्णता १४.२ किलो वजनाच्या सुमारे सत्तर हजार घरगुती सिलिंडरांइतकी भरते. आणि हे घडते ते कसलाही आवाज न होता.

आकाशात वायू सोडण्याची गर्जना येथे पुन्हा विचारात घ्यावी. केंद्राला जेव्हा ‘आवाज कमी करा’ असा आदेश येतो, तेव्हा पहिला खर्च बहुधा त्या नळीवरील सायलेन्सरवर होतो. सायलेन्सर बसतो, गर्जनेची फुसफुस होते, गाव समाधान पावते आणि अहवाल बंद होतो. बाहेर गेलेला वायू मात्र पूर्वीइतकाच असतो. तक्रारीमुळे जो अपव्यय निदान ऐकू येत होता, तोही आता ऐकू येत नाही. सायलेन्सर नको असा याचा अर्थ नाही. संकटाच्या वेळी वायू सोडावाच लागतो आणि कामगाराचे व शेजाऱ्याचे कान वाचलेच पाहिजेत. परंतु दुरुस्ती अगोदर ठरलेली असेल तर वायू सोडण्यापूर्वी पुष्कळ काही करता येते. पुढच्या केंद्राने वायू ओढून घ्यावा आणि मधल्या नळातील दाब होता होईल तेवढा उतरू द्यावा. उरलेल्या वायूसाठी ट्रकवर बसविलेला फिरता कंप्रेसर आणून तो शेजारच्या नळात भरावा. यात काही तास जातात आणि भाडे पडते, वाचलेल्या वायूची किंमतही हाती येते. गर्जना तर होतच नाही, कारण सोडण्यासारखे फारसे काही उरत नाही.

किती वायू गेला हे काढण्यास मोठी साधने लागत नाहीत. केंद्रातील नळांची पोकळी २०० घनमीटर असेल आणि दाब वातावरणाच्या ६० पट असेल, तर एकदा रिकामे करण्यात ढोबळमानाने १२,००० घनमीटर वायू जातो. दर वेळी कोणता नळ, किती दाबापासून, कोणत्या कारणाने रिकामा केला, एवढे पाळीच्या वहीत लिहिले गेले तर वर्षअखेरीस गुणाकार आणि बेरीज केंद्राचा लेखापालही करू शकेल, आणि गोंगाटाच्या नोंदीशेजारी आणखी एक रकाना भरला जाईल.